औषधालाही वय असते

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुका म्हणजे कापसाचा मुलूख. तेथील एखादे शेतकऱ्याचे घर डोळ्यांसमोर आणा. भिंतीतल्या कोनाड्यात जंतांच्या गोळ्यांची एक पट्टी पडली आहे. शेजारी शेळ्यांना पाजायच्या जंतांच्या औषधाची बाटली आहे. वर टिनाचे छप्पर आणि बाहेर मे महिन्याचे ऊन! पट्टीवरची मुदत संपायला अजून वर्षभर अवकाश आहे. मग गोळी चांगलीच असणार, नाही का? उत्तराची घाई करू नका.

जंतांची गोळी तुम्हाला नवी नाही. २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय जंतनाशक मोहिमेत १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना शाळांतून व अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोल हे औषध दिले जाते. दोन वर्षांपुढील मुलांना ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, त्याहून लहानांना अर्धी. हे औषध जंताच्या पेशींतील एका प्रथिनाला चिकटते. त्यामुळे जंताला ग्लुकोज शोषून घेता येत नाही व तो उपाशी मरतो. पण त्यासाठी गोळीत औषध पुरेसे शिल्लक असले पाहिजे. येथेच मुदतीचा प्रश्न येतो.

तारीख कशी ठरते?

औषध म्हणजे अखेर रेणूंचा समूह. हवेतील ओल, प्राणवायू, उजेड आणि उष्णता हे रेणू हळूहळू मोडत असतात. पाण्यामुळे रेणू फुटतो, त्याला जलीय विच्छेदन म्हणतात. कारखानदार नमुने ठरावीक तापमानात ठेवून वेळोवेळी तपासतात. काही नमुने मुद्दाम ४० अंश सेल्सिअस तापमानात आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवले जातात. औषधाचे प्रमाण ठरवून दिलेल्या मर्यादेखाली (पुष्कळदा ही मर्यादा ९० टक्के असते) जाण्याआधीची तारीख पट्टीवर छापतात. नुसता महिना व साल छापले असेल, तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा.

आता पट्टीवरचा बारीक मजकूर वाचा. ‘३० अंशांपेक्षा कमी तापमानात, उजेड व ओल यांपासून दूर ठेवा’ अशा अर्थाची सूचना तेथे बहुधा आढळेल. म्हणजे ती तारीख ही एक हमी आहे खरी, पण अटीवर दिलेली! अट मोडली की हमीही संपली.

स्वान्ते अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८८९ साली तापमान आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचा संबंध मांडला. त्यावरून एक ढोबळ आडाखा बांधता येतो : तापमान १० अंशांनी वाढले की अनेक क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो. समजा, एखादे औषध ३० अंशांवर दोन वर्षे टिकते. सतत ४० अंशांत ठेवले तर ते किती टिकेल? सुमारे एकच वर्ष. प्रत्येक औषधाचा नेमका आकडा वेगळा असतो, पण दिशा हीच. विदर्भाच्या उन्हाळ्यात टिनाखालचा कोनाडा ४० अंशांच्या वर सहज जातो.

मुदत संपली म्हणजे विष झाले का?

बहुधा नाही. अमेरिकेत १९८६ पासून लष्करी साठ्यातील मुदत संपत आलेली औषधे तपासली जात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात १२२ औषधांच्या ३,००५ खेपांची माहिती होती. त्यांपैकी ८८ टक्के खेपा मुदतीनंतर किमान एक वर्ष चांगल्या राहिल्या. मात्र त्या मूळ बंद वेष्टनात, नियंत्रित तापमानात ठेवलेल्या होत्या. कोनाड्यातल्या पट्टीला तो निकाल लावता येत नाही. उलट उदाहरणही आहे. खराब झालेल्या टेट्रासायक्लिनमुळे मूत्रपिंडांना इजा झाल्याचे १९६३ साली नोंदले गेले. घरी ही तपासणी करता येत नाही, म्हणून मुदत संपलेले औषध घेऊ नये हेच शहाणपण.

शक्ती कमी झालेल्या औषधाचा आणखी एक तोटा आहे. अपुऱ्या मात्रेत चिवट जंत वाचतात आणि त्यांचीच पैदास वाढते. शेळ्या-मेंढ्यांच्या जंतांवर या गटातील औषधे चालेनाशी झाल्याचे जगात अनेक ठिकाणी आढळले आहे.

एकच शब्द, तीन बाटल्या

आपल्या बोलीत माणसाचे औषध, गुरांचे औषध आणि कपाशीवर फवारायचे औषध या तिन्हींना शब्द एकच! पण फळी एक असता कामा नये. गुरांचे औषध जनावराच्या वजनाच्या हिशेबाने, वेगळ्या तीव्रतेचे केलेले असते. ते अंदाजाने मुलांना देणे धोक्याचे. फवारणीचे औषध तर विषच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेजारच्या घाटंजी तालुक्यात कापसीकोपरी येथे ३१ जानेवारी २०२१ रोजी पोलिओच्या लसीऐवजी हात निर्जंतुक करण्याचे द्रव १२ बालकांच्या तोंडात गेले. सुदैवाने मुले बरी झाली. बाटलीवरचे नाव दर वेळी वाचायचे, ते यासाठी.

तुम्ही काय कराल?

एक प्रयोग करा. टिनाखाली, चुलीजवळ आणि माजघरातल्या सावलीच्या कोपऱ्यात तापमापी ठेवा. आठवडाभर दुपारी दोन वाजता नोंद घ्या आणि आलेख काढा. घरातील औषधाची जागा आलेखच सांगेल. शिक्षकांनी हाच प्रयोग शाळेच्या कपाटातही करून पाहावा.

गोळी खाण्याच्या वेळेपर्यंत पट्टीतच राहू द्या. गोळी फुगली, भुगा झाली किंवा तिचा रंग बदलला, तर मुदत असूनही वापरू नका. पातळ औषधात औषधाचे कण तळाशी बसतात. बाटली न हलवता दिली तर वरच्या घोटात औषध कमी, तळच्या घोटात जास्त! उघडलेल्या बाटलीची मुदत छापील तारखेपेक्षा कमी असते. निरुपयोगी औषध ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. त्याचे काय करायचे, ते आरोग्य केंद्रात किंवा औषधाच्या दुकानात विचारा. आयव्हरमेक्टिनसारखे जंतनाशक शेणातले उपयोगी किडेही मारते.

आज घरी गेल्यावर औषधांचा डबा काढा. प्रत्येक पट्टीवर दोन गोष्टी वाचा : तारीख आणि अट. तारीख कारखान्याने पाळली आहे. अट पाळणे तुमच्या हाती आहे.