मासळी, बाजार आणि वार्ता

शेतीविषयक संशोधन म्हटले की सुधारित बियाणे, खते व पाणी यांचाच विचार प्रथम मनात येतो. परंतु धान्य खळ्यावरून अथवा मासळी जाळ्यातून निघाल्यावर ती आपल्या ताटापर्यंत सुखरूप कशी पोहोचावी, हाही आता मोठ्या अभ्यासाचा विषय झालेला आहे. या वाटचालीस अभ्यासक ‘पुरवठा-साखळी’ म्हणतात. तिची एखादी कडी निसटली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरचे आहे.

दिनांक १४ जानेवारी १९९७. उत्तर केरळातील बडगरा येथे सकाळी आठच्या सुमारास ११ मच्छीमार तारली घेऊन किनाऱ्यास लागले होते. (आम्ही कोकणी माणसे तिला ‘तारले’ म्हणतो.) गिऱ्हाईक एकही उरले नव्हते, आणि तारली ही फार वेळ टिकणारी मासळी नव्हे. ती फेकून देण्यावाचून गत्यंतर नव्हते. नवल असे, की त्याच वेळी १५ किलोमीटरांच्या आत शेजारच्या बाजारांत २७ खरेदीदार रिकाम्या हातांनी परतण्याच्या बेतात होते! एकाची वार्ता दुसऱ्यास नव्हती, एवढेच.

ही हकीकत रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने नोंदविली आहे. १९९६ ते २००१ या काळात कासारगोड, कण्णूर व कोळिकोड या जिल्ह्यांतील १५ किनारी बाजारांची आठवड्याच्या आठवड्यास पाहणी झाली. योग असा, की याच अवधीत भ्रमणध्वनीची सोय कोळिकोडास १९९७ मध्ये, कण्णूरास १९९८ मध्ये व कासारगोडास २००० मध्ये आली. त्यामुळे सोय झालेला किनारा आणि न झालेला किनारा यांची तुलना आपोआप साधली. मनोऱ्यांच्या लहरी समुद्रात २० ते २५ किलोमीटरांपर्यंत पोहोचत असल्याने मच्छीमार होडीतूनच भावाची चौकशी करू लागले, आणि भाव बरा असेल तिकडे होडीचे तोंड वळवू लागले. पूर्वी बहुतेक सर्व जण आपल्याच गावच्या किनाऱ्यावर विक्री करीत. आता सुमारे एकतृतीयांश इतरत्र जाऊ लागले. सरासरी ५ ते ८ टक्के मासळी वाया जात असे, ते जवळजवळ थांबले. मच्छीमारांचा नफा ८ टक्क्यांनी वाढला, आणि गिऱ्हाइकास भाव ४ टक्क्यांनी उतरला. विकणारा व घेणारा दोघेही एकाच वेळी लाभात राहावेत, असे बाजारात क्वचितच घडते.

२००७ साली प्रसिद्ध झालेला हा निबंध जगभर गाजला. माझ्या मते जरा अधिकच गाजला. कारण नंतर केरळातील किनाऱ्यावर जाऊन पाहणाऱ्या अन्य अभ्यासकांना निराळेही चित्र दिसले. ज्याने होडीसाठी वा जाळ्यासाठी दलालाकडून उचल घेतलेली असते, त्याला मासळी त्याच दलालामार्फत विकावी लागते. दुसऱ्या बंदराचा भाव कळूनही त्याचा उपयोग काय?

शिवाय वार्ता आली तरी बर्फ लागतोच. लुधियाना येथील काढणीपश्चात तंत्रज्ञानाच्या केंद्रीय संस्थेने २०१५ साली देशभरच्या नासाडीचा अंदाज प्रसिद्ध केला. त्यात समुद्री मासळीची नासाडी १०.५२ टक्के, तर दुधाची अवघी ०.९२ टक्के आढळली. वास्तविक दूधही नाशवंतच. पण ते रोज ठरलेल्या वेळी गोळा होते, व शीतकरण केंद्रात लवकर थंड केले जाते. मासळीला मात्र होडीपासूनच बर्फ मिळावा लागतो, आणि लहान होडीत बर्फाच्या पेटीने जागा अडविली की जाळ्याला जागा उरत नाही.