मेदाम्लांचा शरीरातील प्रवास

आमटीवर तेलाचा तवंग तरंगतो. तेल पाण्यात मिसळत नाही, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. मानवी शरीरात तर पाण्याचाच अंश सर्वाधिक असतो. मग आहारातील स्निग्ध पदार्थ पेशींपर्यंत पोहोचतात कसे, आणि तेथे त्यांपासून ऊर्जा निर्माण होते कशी? या दोन प्रश्नांचा उलगडा होण्यास विसाव्या शतकाचा बराचसा काळ लागला.

साखळी तुटते कशी?

स्निग्ध पदार्थांचा मुख्य घटक म्हणजे मेदाम्ल. कार्बनच्या अणूंची ती एक लांब साखळी असते. ही साखळी शरीरात कोठे तुटते, हे शोधण्यासाठी जर्मन शास्त्रज्ञ फ्रांत्स क्नोप यांनी १९०४ मध्ये एक साधी युक्ती योजली. शरीरात सहसा न मोडणारा ‘फेनिल’ गट त्यांनी साखळीच्या टोकाला खूण म्हणून जोडला आणि अशी मेदाम्ले कुत्र्यांना खाऊ घालून त्यांच्या मूत्राची तपासणी केली. साखळीतील कार्बनची संख्या विषम असता एक पदार्थ मिळे, सम असता दुसरा. साखळीच्या लांबीने फरक पडत नसे. यावरून साखळीतून प्रत्येक वेळी दोन कार्बनचा तुकडा सुटतो, असे अनुमान क्नोप यांनी काढले. हा तुकडा म्हणजे ‘अ‍ॅसेटिल कोएन्झाइम-ए’ होय, हे फेओडोर ल्युनेन यांच्या १९५१ मधील संशोधनामुळे स्पष्ट झाले. १६ कार्बनच्या पामिटिक अम्लापासून असे ८ तुकडे मिळतात. ल्युनेन यांना १९६४ मध्ये कोनराड ब्लॉख यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

पेशीतील वाहक

रक्तातून मेदाम्ले वाहून नेण्याचे काम अल्ब्युमिन हे प्रथिन करते. परंतु पेशीच्या आत हे काम कोण करते? १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातील रॉबर्ट ऑकनर व त्यांच्या सहकाऱ्यांना आतडे, यकृत, हृदय इत्यादींच्या पेशींत मेदाम्ले धरून ठेवणारे एक लहान प्रथिन आढळले. पुढे या प्रथिनांचे एक कुटुंबच असल्याचे दिसून आले. त्यांची रचना झाकणाच्या डबीसारखी असते. पाण्याला टाळणारे मेदाम्ल तिच्या पोकळीत सुरक्षित राहते.

या वाहकाचे महत्त्व हृदयाच्या बाबतीत विशेष आहे, कारण निरोगी हृदय आपली बहुतांश ऊर्जा मेदाम्लांपासून मिळविते. हृदयातील हे प्रथिन ज्यांच्यात तयारच होत नाही, अशा उंदरांवरील प्रयोगांचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या हृदयात मेदाम्ले कमी प्रमाणात शोषली जात आणि श्रम होताच ते लवकर थकत.

हृदयविकाराच्या झटक्यात स्नायूच्या पेशी फुटल्या की हे लहान प्रथिन काही तासांतच रक्तात उतरते. त्यामुळे निदानासाठी त्याचा उपयोग करता येतो. मात्र ते शरीराच्या अन्य स्नायूंतही असल्याने केवळ त्यावर विसंबता येत नाही. हृदयालेख आणि ट्रोपोनिनची चाचणी हेच आज मुख्य आधार आहेत.

चाचणी कोणतीही असो, रुग्ण वेळेवर रुग्णालयात पोहोचला तरच तिचा लाभ होतो. छातीतील कळ ‘पित्ताची’ म्हणून घरी काढलेले तास कोणतेही संशोधन परत देऊ शकत नाही, ही गोष्ट गावोगावी सांगितली गेली पाहिजे.