दोन पितळी तारे

गेल्या दिवाळीची सुटी संपली आणि चिंचवडच्या आमच्या कॉलेजातला एक विद्यार्थी तासानंतर माझ्यापाशी थांबला. दिवसा वर्गात आणि रात्री चाकणच्या जर्मन मोटारींच्या कारखान्यात राबणारा मुलगा. त्याने रुमालाची पुरचुंडी सोडली. आत सहा टोकांचे दोन पितळी तारे आणि एक पिवळा पडलेला कागद.

"सर, पणजोबांचे आहेत. घर आवरताना आजीच्या पेटीत सापडले. भंगारवाला वजनावर घेतो म्हणत होता. सगळे म्हणतात, पणजोबा ब्रह्मदेशात लढले."

मराठीच्या प्राध्यापकाला लढाईतले कितीसे कळणार? चाकण म्हटले की आम्हांला १६६० चा फिरंगोजी नरसाळा तेवढा आठवतो! पण ताऱ्यांच्या फिती बोलत होत्या. एक वाळूच्या रंगाची, मधोमध तांबडा पट्टा, ती आफ्रिकेची. दुसरी तांबडी, पांढरी, हिरवी, ती इटलीची. ब्रह्मदेशाचा तारा त्यांत नव्हताच. कागदावर मराठा पलटणीची तिसरी बटालियन लिहिलेली.

मग मी त्याला बसवून घेतले. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ही बटालियन एरिट्रियातल्या केरनच्या लढाईत होती. उंच उघडेबोडके डोंगर, माथ्यावर मुसोलिनीचे सैन्य, आणि खालून दगडधोंड्यांतून चढत जाणारे आपले लोक. मावळातल्या पायांना चढण नवी नव्हती. वरून होणारा मारा नवा होता. २७ मार्चला केरन पडले.

तीन वर्षांनी हीच माणसे इटलीत उतरली. तोवर इटलीने शरणागती पत्करली होती, तेव्हा समोर उभे होते जर्मन! १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात याच बटालियनचे नाईक यशवंत घाडगे शत्रूच्या मशीनगनवर एकटे धावून गेले. बरोबरचे सगळे पडलेले. हातबाँबने तोफ बंद पाडली, गोळ्या संपल्यावर बंदुकीचा दस्ता चालवला आणि मग लपलेल्या बंदूकधाऱ्यांच्या गोळ्यांनी तेही कोसळले. वय अवघे बावीस. कुलाबा जिल्ह्यातल्या या तरुणाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये त्यांचे स्मारक उभारले. आपल्याकडे किती घरांत हे नाव ठाऊक आहे, कोण जाणे!

"म्हणजे पणजोबा जर्मनांशी लढले?" मुलगा हसला. "आणि मी त्यांच्या मोटारीचे बोल्ट आवळतो!"

"पणजोबा घाडग्यांच्या शेजारी असतील का हो, सर?" थोड्या वेळाने त्याने हळूच विचारले. बटालियन एक, एवढेच मला सांगता आले.

आठवड्याने तो पुन्हा आला. आजीला त्याने केरनचे नाव सांगितले होते. ऐकताच म्हातारी चुलीपासून उठली म्हणे.

"अरे, मामंजी आपल्या शेतामागच्या त्या खडकाळ टेकाडाला केरनच म्हणायचे! तिकडं गुरं नेऊ नका, केरनवर पाय घसरतो, म्हणायचे. मला वाटायचं, किरण नावाची कुणी पोर तिथनं पडली असंल."

तारे आता देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात आहेत.