चार सिलिंडरांना सारखा श्वास

मोटारीचं इंजिन पेट्रोलवर चालतं, असं आपण सहज म्हणून जातो. ते अर्धंच खरं आहे. एक किलो पेट्रोल पुरतं जाळायचं तर साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. म्हणजे इंजिनाचं खाणं थोडं आणि श्वासच फार. हा श्वास प्रत्येक सिलिंडरच्या तोंडापर्यंत नेऊन पोचवणाऱ्या भागाला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. त्याच्याविषयी आज थोडं सांगायचं आहे.

तुम्ही म्हणाल, कविता लिहिणाऱ्या माणसाचं इथे काय काम? मी कलाशाखेचा बी.ए. पण माझ्या भाच्याचं कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात वर्कशॉप आहे. ऑइल इंजिनं, शेतीचे पंप, फाउंड्र्या यांच्यावर वाढलेलं हे गाव. इथे लोखंडाशी बोलणारी माणसं गल्लोगल्ली भेटतात. त्याच्याकडे स्टुलावर बसून जे पाहिलं आणि विचारून घेतलं, तेच सांगतो.

मॅनिफोल्ड म्हणजे एक पेटी आणि तिला फुटलेल्या नळ्या. चार सिलिंडर असले तर चार नळ्या. पेटीच्या तोंडाशी थ्रॉटलची झडप असते. ॲक्सिलरेटर दाबला की ती उघडते. साध्या गाडीत पिस्टन खाली जातो आणि हवा ओढून घेतो. टर्बोच्या गाडीत हवा ढकलली जाते. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूच्या जोरावर एक चक्र फिरतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून आत पाठवतं. ही चक्रं मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात. ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरनं १९०५ साली पेटंटासाठी मांडली. मोटारगाड्यांत ती आली १९६२मध्ये, अमेरिकेत.

भाच्याकडे एक जुनी मारुती एस्टीम आली होती, १२९८ सीसीची. शर्यतीसाठी तिला टर्बो बसवायचा होता. कारखान्यातला मॅनिफोल्ड रोजच्या गाडीसाठी बनलेला. नळ्यांची लांबी, थ्रॉटलची दिशा, सगळं त्या हिशेबानं. म्हणून नवा हातानं घडवायचा.

मी विचारलं, ‘‘पेटी आणि नळ्याच ना? त्यात अवघड काय?’’

तो म्हणाला, ‘‘मामू, हवेला वळायचा कंटाळा असतोय. सरळ रस्ता दिसला की ती सरळच पळती.’’

सगळं दुखणं या एका वाक्यात आहे. थ्रॉटल पेटीच्या एका टोकाला असला, तर जोरात आत शिरलेली हवा थेट समोरच्या भिंतीवर जाते. तिथल्या चौथ्या सिलिंडरला ती जास्त मिळते आणि दाराजवळच्या पहिल्याला कमी. पेट्रोल मात्र गाडीचा कॉम्प्युटर चौघांना सारखंच देतो. पेटीतला दाब मोजणारा सेन्सर एक, धुरातला ऑक्सिजन पाहणाराही एकच. त्याला चौघांची सरासरी कळते, एकट्याचं दुःख कळत नाही.

आता हिशेब पाहा. टर्बो पूर्ण जोरात असताना मुद्दाम पेट्रोल जास्त देतात. एका भागाला साधारण बारा भाग हवा. चौथ्याकडे आठ टक्के हवा जास्त गेली, तर तिथे हे प्रमाण तेराजवळ जातं. तेवढ्यानं आतली आग जास्त तापते. मग ठिणगीनंतर ज्योत शांतपणे पसरायच्या आतच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपोआप स्फोटासारखं पेटतं. यालाच नॉकिंग म्हणतात. त्याचे हातोडे पिस्टनवर बसतात. दुसरीकडून मॅनिफोल्ड बनवून घेतलेल्या एका गाडीचा पिस्टन भाच्यानं मला दाखवला. तीन पिस्टन धडधाकट, चौथ्याची कड वितळून गेलेली. मालकानं दोन वर्षं साठवलेले पैसे त्या कडेबरोबर गेले होते.

म्हणून पेटी दाराकडे रुंद आणि पुढे निमुळती करतात. वाटेत एकेक नळी आपला वाटा घेते. तेवढी हवा कमी होते, म्हणून तेवढी जागाही कमी करायची. नळीचं पेटीतलं तोंड सनईच्या तोंडासारखं बाहेर उमलतं ठेवतात. धारदार कड ठेवली की हवा तिथे फाटते आणि भोवरे होतात. पेटीचं आकारमान इंजिनाच्या सीसीइतकं किंवा दीडपट, असा साधारण ठोकताळा आहे.

नळीच्या लांबीचा प्रकार आणखी मौजेचा आहे. पिस्टननं हवा ओढली की त्या झटक्याची लाट नळीतून पेटीपर्यंत जाते आणि दाबाची लाट होऊन परतते. नळी ३५ सेंटिमीटरची धरली, तर जाऊन-येऊन ७० सेंटिमीटर. आवाजाच्या वेगानं जाणाऱ्या त्या लाटेला सेकंदाचा सुमारे पाचशेवा भाग लागतो. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असलं, तर तेवढ्या वेळात ते ७२ अंश फिरतं. ३००० फेऱ्यांवर ३६च. व्हॉल्व्ह मिटता मिटता ही लाट येऊन पोचली, तर चिमूटभर हवा फुकट आत जाते. पण एकच लांबी सगळ्या वेगांना मानवत नाही. लांब नळी खालच्या वेगाला साथ देते, आखूड नळी वरच्या.

आता घडवणं. हेडला बसणारी पट्टी, म्हणजे फ्लँज, दहा-बारा मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमची. गॅस्केट ठेवून तिच्यावर भोकं आखायची. नळी आणि हेड यांच्या मध्ये पायरी राहता कामा नये. वेल्डिंग आर्गनचं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्या अंगावरचा ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजार अंशांच्याही वर. म्हणून आधी ॲसिटोननं पुसायचं, ॲल्युमिनियमसाठीच राखलेल्या स्टीलच्या ब्रशनं घासायचं आणि एसी करंट वापरायचा. तो करंट पापुद्रा फोडत जातो.

ॲल्युमिनियम तापलं की वाकतं. म्हणून फ्लँज जाड लोखंडी प्लेटवर बोल्टांनी आवळून ठेवतात. एकदा इकडे, एकदा तिकडे, असे थोडे थोडे टाके घेतात. तरीही ती थोडी वाकतेच. ती मिलिंगवर पुन्हा सपाट करून घ्यायची, सरळ पट्टी ठेवून खाली फिलर गेज शिरतो का ते पाहायचं. आत लोंबलेला वेल्डिंगचा एखादा मणी किंवा कानशीचा कीस राहिला, तर तो थेट सिलिंडरमध्ये जाणार. म्हणून बोट फिरवून, दिवा लावून, धुऊन पुन्हा पाहायचं.

शेवटी परीक्षा. सगळी तोंडं बंद करून हवा भरायची आणि साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा आला की पुन्हा टाका. बाहेरच्यापेक्षा ०.७ बार जास्त दाब म्हणजे किती? पेटीची एक बाजू दहा बाय तीस सेंटिमीटर असली, तर तिच्यावर दोनशे किलोंहून जास्त जोर पडतो. पत्र्याची सपाट भिंत त्यानं फुगते. म्हणून गोलाई द्यायची, नाहीतर आतून आधाराच्या पट्ट्या. शिवाय दाबलेली हवा तापते. बाहेर ३० अंश असलं, तर टर्बोतून ती शंभराच्या आसपास होऊन निघते. म्हणून पेटीआधी इंटरकूलर हवाच. गाडी पहिल्यांदा पूर्ण जोरात चालवण्याआधी चारही सिलिंडरांच्या धुराचं तापमान वेगवेगळं मोजतात. चारही आकडे जवळ आले, तर वाटणी नीट झाली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. हे काम शर्यतीच्या ट्रॅकसाठी आहे. कोइमतूरजवळ, चेन्नईजवळ असे ट्रॅक आहेत. रस्त्यावरच्या गाडीत उत्पादकाच्या मूळ रचनेपासून तपशील बदलेल असा फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम मनाई करतं. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. बदललेल्या गाडीचे ब्रेक जुनेच असतात आणि रस्त्यावर दुसऱ्यांची मुलंही चालत असतात. भाचा रस्त्याच्या गाडीला असं काम करत नाही. गिऱ्हाईक परत जातं, तो जाऊ देतो.

काम झालं की ही पेटी बॉनेटखाली जाते आणि कुणाला दिसत नाही. ‘‘एवढे पैसे कशाचे? डबाच तर आहे,’’ असं गिऱ्हाईक हमखास म्हणतं. भाचा वाद घालत नाही. धुराच्या तापमानाचे ते चार आकडे कागदावर लिहून तो त्याच्या हातात देतो.