खडबडीत रस्त्यावरची सायकल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत तापी, गिरणा व पांझरा या नद्यांच्या काठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते; त्यामुळे तिच्यावर बांधलेल्या रस्त्याचा पाया हलतो आणि डांबरावर खड्डे व उंचवटे तयार होतात. अशा रस्त्यावरून रोज कामाला वा शाळेत जाणाऱ्यांची मनगटे आणि कंबर दुखू लागली, की सायकल महागडी नसल्याचे कारण सांगितले जाते. वास्तविक यातील बराच त्रास सायकल आपल्या शरीराला जुळवून घेतल्याने टळतो.

गैरसमज : टायर जितका टणक, तितकी सायकल हलकी चालते.

वस्तुस्थिती : गुळगुळीत रस्त्यावर हे बऱ्याच अंशी खरे आहे, मात्र खडीवर टणक टायर प्रत्येक दगडावर सायकलीसह स्वाराला वर उचलतो आणि पुढे जाण्यासाठी लावलेला जोर त्या आदळआपटीत वाया जातो. टायरच्या कडेवर हवेच्या दाबाची कमाल मर्यादा छापलेली असते, आणि दर वेळी तिथपर्यंत हवा भरण्याची गरज नसते. स्वार बसल्यावर टायर जमिनीलगत किंचित फुगलेला दिसावा, पण खड्ड्याच्या कडेवर रिम आपटू नये, इतकी हवा योग्य होय. मागच्या चाकावर भार अधिक असल्याने त्यात थोडी जास्त हवा लागते. ट्यूबला शेजारीशेजारी दोन चिरा पडल्या असतील, तर ती रिम आणि रस्ता यांच्यात चिमटली गेली, म्हणजेच हवा कमी पडली, असे समजावे.

गैरसमज : उन्हाळ्यात हवा प्रसरण पावून टायर फुटतो, म्हणून तो अर्धवटच भरावा.

वस्तुस्थिती : टायरमधील हवा 25 अंशांवरून 45 अंश सेल्सिअसपर्यंत तापली, तर 50 पीएसआय (दर चौरस इंचावरील पौंडांत मोजलेला दाब) वाढून सुमारे 54 होतो. सुस्थितीतील टायर एवढी वाढ सहज सोसतो. धोका असतो तो कडा विरलेल्या किंवा रिमवर नीट न बसलेल्या टायरला.

गैरसमज : जाड गादीची सीट सर्वांत आरामदायी असते.

वस्तुस्थिती : शरीराचा भार बैठकीच्या दोन हाडांवर पडायला हवा, फार मऊ गादीत ही हाडे रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. सीट सपाट ठेवावी आणि पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकवली तर पाय सरळ व्हावा, इतकी तिची उंची राखावी. म्हणजे प्रत्यक्ष चालवताना, चवडा पायडलवर असल्यामुळे, गुडघा किंचित वाकलेला राहतो.

गैरसमज : खराब रस्त्यासाठी शॉकअप हवाच.

वस्तुस्थिती : स्वस्त शॉकअपमध्ये बहुधा नुसती स्प्रिंग असते, तिची उसळी आवरणारी यंत्रणा नसते, त्यामुळे सायकलीचे वजन वाढते आणि उभे राहून पायडल मारताना जोर स्प्रिंग दाबण्यात खर्च होतो. शिवाय पुढच्या चिमट्यातील शॉकअप मागच्या चाकाचा धक्का अडवत नाही. त्यापेक्षा चौकटीत मावेल तितका रुंद टायर घ्यावा, हँडल असे ठेवावे की कोपरे ताठ राहणार नाहीत, आणि खड्डा समोर येताच पायडलवर भार देऊन सीटवरून किंचित उठावे.

हे सर्व बदल एकाच दिवशी करू नयेत; एक बदल करून रोजच्याच रस्त्यावर काही दिवस सायकल चालवावी, म्हणजे कोणत्या बदलाने दुखणे कमी झाले हे निश्चित कळते आणि अनावश्यक खर्चही वाचतो.