झोळीतला हात

2023च्या मे महिन्यातली संध्याकाळ. खालून पोरांचा गलका ऐकू आला आणि पाठोपाठ आमचा अकरा वर्षांचा लेक जिना चढून वर आला. सायकलवरून पडला होता. उजव्या हाताने डावा हात पोटाशी घट्ट धरलेला, मान कललेली. शर्ट बाजूला केला, तर खांद्याजवळ हे एवढं टेंगूळ!

एक्स-रेत गळपट्टीचं हाड, म्हणजे कॉलर बोन, मधोमध मोडलेलं दिसलं. दोन तुकडे एकमेकांवर चढलेले. डॉक्टर म्हणाले, ‘‘प्लेट आणि स्क्रू घालून सरळ करता येईल. उद्या ठरवा.’’ ती रात्र आम्ही जागून काढली. ह्यांचं म्हणणं, ऑपरेशन करून मोकळं होऊ. सासूबाईंचा आग्रह हाडवैद्याचा. मला एकच धास्ती : काहीच केलं नाही आणि पोराचा हात अधू राहिला तर?

सकाळी दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आधी बोटं हलवायला लावली, मनगटाची नाडी पाहिली, टेंगळावरची कातडी तपासली. मग म्हणाले, ‘‘हात झोळीत ठेवा. हाड आपलं आपण जुळेल.’’

मला पटेना. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. मुलांच्या हाडावरचं आवरण जाड असतं. हाड मोडलं तरी ते बहुधा पुरतं फाटत नाही आणि त्यातूनच नवं हाड भरून येतं. शिवाय वाढीच्या वयात वाकडं जुळलेलं हाडही हळूहळू आकार सुधारून घेतं.

मग प्लेटचा सल्ला आला कुठून? 2007 साली कॅनडातल्या डॉक्टरांनी प्रौढांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. सरकलेलं हाड प्लेटने बसवलं तर ते न जुळण्याचा धोका कमी होतो, असं त्यात दिसलं. पुढे किशोरवयीन मुलांचीही ऑपरेशनं वाढली. पण मोठ्यांचा अंगरखा मुलांना कसा बसणार? 2022 साली अमेरिकेत 10 ते 18 वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हाड पूर्ण सरकलेलं असूनही, ऑपरेशन झालेल्या आणि न झालेल्या मुलांच्या हातांच्या कामात दोन वर्षांनी फरक आढळला नाही. ऑपरेशन म्हटलं की भूल आली, व्रण आला, कधी प्लेट काढायला पुन्हा टेबलावर जाणं आलं.

अर्थात हाड कातडीबाहेर आलं, आतून टोचून कातडी पांढरी पडली, किंवा नस वा रक्तवाहिनी दुखावली, तर वेळ न दवडता ऑपरेशनचा विचार करावाच लागतो. आमच्याकडे तसं काही नव्हतं. ‘‘मालिश मात्र नको,’’ डॉक्टरांनी सासूबाईंकडे पाहत बजावलं.

पहिले आठ दिवस कठीण गेले. उशांना टेकून तो बसल्या बसल्या झोपायचा. तिसऱ्या आठवड्यात दुखणं ओसरलं, पण मोडल्या जागी आवळ्याएवढी कडक गाठ आली. मी पुन्हा धावले. डॉक्टर हसले, ‘‘हेच ते नवं हाड!’’ महिन्याभराने झोळी सुटली. धक्काबुक्कीचे खेळ मात्र आणखी काही आठवडे बंद होते.

आता ती गाठ बोटाने चाचपली तरच लागते. मधूनमधून मी चाचपतेच. ‘‘आई, पुरे ना!’’ म्हणत तो हात झटकतो. डावाच.