नव्या शहरात सायकल: रस्ता कसा शोधायचा, सोबत कशी शोधायची

आजचा विषय सायकलचा आहे, पण गिअर-बिअरचा नाही. नव्या शहरात राहायला गेल्यावर सायकल कुठं चालवायची आणि कोणाबरोबर, एवढंच आज बोलणार आहे. शब्दांकन करताना बोलण्याची भाषा बरीचशी तशीच ठेवलीय, सांभाळून घ्या.

मी मूळची नागपूरची. तिकडे सकाळी सिव्हिल लाइन्स, फुटाळा, अंबाझरी असा फेरा मारायचा, आणि चढ म्हणून आम्ही कौतुकानं सेमिनरी हिल्सकडे बघायचो. पुण्याला बदली झाली, धनकवडीत घर घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की इथं शहराबाहेर पडायचं म्हटलं की बहुतेक दिशांना घाट उभा. साताऱ्याकडे कात्रज, सासवडकडे बोपदेव किंवा दिवे. सपाट हवं तर सोलापूर रोड नाहीतर नगर रोड, म्हणजे ट्रक आणि कंटेनर. पहिल्या दोन रविवारी असं काही झालं की त्यानंतर सहा आठवडे सायकल गॅलरीत उभी होती. तिच्यावर कपडे वाळत घालायला लागले होते मी, खरंच सांगते.

पहिला रविवार असा गेला. स्ट्राव्हा नावाचं ॲप बऱ्याच जणांकडे असेल. त्यात हीटमॅप असतो. लोकांनी नोंदवलेल्या सगळ्या राईड एकावर एक ठेवतात आणि ज्या रस्त्यावर जास्त राईड, ती रेघ जास्त उजळ दिसते. नव्या माणसाला हा नकाशा फार उपयोगी, फक्त त्यात 'राईड' निवडा, नाहीतर धावणाऱ्यांच्या रेघाही मिसळतात. मी बघितलं तर खडकवासला-सिंहगडची रेघ लखलखत होती. म्हटलं, ठरलं. आरामात उठले, नाष्टा केला आणि नऊ वाजता सिंहगड रोडला लागले. आता पुणेकर हसत असतील. रविवारी नऊ वाजता निम्मं पुणं धरणावर कणीस आणि भजी खायला निघालेलं असतं! हॉर्न, धूर, मधेच दार उघडणाऱ्या गाड्या. धरणापर्यंत कशीबशी पोचले आणि परत फिरले.

चूक ॲपची नव्हती. कुठल्या रस्त्यानं लोक जातात हे ती रेघ सांगते, पण किती वाजता जातात हे सांगत नाही. तोच रस्ता सकाळी साडेपाचला वेगळा असतो. म्हणून आता मी उजळ रेघ दिसली की गूगल मॅप्सवर त्या वाराची, त्या वेळेची नेहमीची वाहतूक बघते. संगणकावर ती सोय चटकन सापडते. मग स्ट्रीट व्ह्यू. २०२२ साली ते भारतात आलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणं होतं, नाशिकही होतं. त्यात मी तीन गोष्टी बघते: रस्त्याला कडेची पट्टी आहे का, दुभाजकाच्या शेजारी सायकलला जागा उरते का, आणि चहाची टपरी कुठं आहे. चित्र जुनं असू शकतं, मधे रस्ता खणलेला असू शकतो, हे धरूनच चालायचं.

चढाचा हिशोबही सोपा आहे. एक किलोमीटरमध्ये रस्ता पन्नास मीटर वर गेला तर पाच टक्के. नागपूरकरानं सुरुवातीला चार-पाच टक्क्यांवर समाधान मानावं. पण सरासरीवर विसंबू नका. पाच टक्के सरासरीच्या घाटात मधेच दहा टक्क्यांचं वळण लपलेलं असतं आणि दम तिथंच निघतो. नकाशावर उंचीची रेघ असते, तिच्यातला सगळ्यात उभा तुकडा बघायचा.

आणि वारा! पावसाळ्यात इथं वारा पश्चिमेकडून येतो. म्हणून मुळशीकडे जायचं तर जाताना वारा छातीवर आणि येताना पाठीवर, हे उत्तम. उलट सासवडकडे गेलात तर जाताना उडत जाल आणि थकल्यावर परतीला वाऱ्याशी भांडाल. हिवाळ्यात सकाळी पूर्वेकडे तोंड करून चालवताना ऊन डोळ्यांवर येतं. आपल्या मागच्या ट्रकवाल्याच्याही डोळ्यांवर येतं, हे मात्र लक्षात राहत नाही. त्या वेळी मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवायचा.

आता सोबतीचं. दुसऱ्या रविवारी मी एका ग्रुपबरोबर गेले. नाव घेत नाही. 'आरामात राईड, सगळ्यांसाठी' असं लिहिलं होतं. बोपदेव घाट सुरू झाला आणि पहिल्या दोन वळणांत सगळे दिसेनासे झाले. मी सायकल ढकलत वर पोचले तेव्हा चहा पिऊन, फोटो काढून मंडळी सासवडकडे निघत होती. एकानं अंगठा दाखवला, 'मस्त मॅडम, या मागून!' मागून जाणार कुठं, मला तर रस्ताही माहीत नव्हता. तशीच परत फिरले. घरी 'कशी झाली राईड?' म्हणून विचारलं तर मी 'छान' म्हटलं.

तेव्हापासून कुठल्याही ग्रुपला मी आधी प्रश्न विचारते. सरासरी वेग किती? आकडा सांगा, 'आरामात' चालणार नाही. मागे कोण थांबतं? त्याचं नाव ठरलेलं असेल तर ग्रुप भला. मागच्या वेळी सगळ्यात शेवटी कोण आलं, आणि ते पुन्हा आले का? हा शेवटचा प्रश्न विचारला की काही जण एकदम गप्प होतात. पुरेसं कळतं.

सहा आठवड्यांनी, एका मंगळवारी, मी एकटीच कात्रजच्या जुन्या घाटानं वर गेले. नव्या बोगद्याच्या बायपासवर जड वाहनं असतात, जुना रस्ता त्या मानानं शांत, चढ सलग पण समजूतदार. बोगदा अरुंद आणि अंधारा आहे, आत शिरण्याआधी दिवे लावा. पलीकडे उतरताना मागचं चाक बसलं. पंक्चर मला काढता येतं, ट्यूब बदलली, आणि हातपंपाची मूठ हातात आली. ढकलत खाली पंक्चरच्या दुकानापर्यंत गेले. दुकानदारानं हवेची नळी आणली, पण ती बसेचना. माझ्या ट्यूबला प्रेस्टा व्हॉल्व्ह, म्हणजे तो लांब बारीक. त्याचा पंप स्कूटर-मोटारीच्या जाड व्हॉल्व्हचा. भला माणूस होता, कापड गुंडाळूनही बघितलं त्यानं.

तेवढ्यात साठीच्या एक मावशी साध्या हायब्रिड सायकलवरून आल्या आणि न विचारता थांबल्या. खिशातून शेंगदाण्याएवढी पितळी वस्तू काढून माझ्या व्हॉल्व्हवर फिरवली. 'अगं, हे ठेवत जा जवळ. स्वस्त असतं.' दोन मिनिटांत हवा भरली. तो ॲडाप्टर तेव्हापासून माझ्या व्हॉल्व्हवरच बसवलेला आहे. परत करायला गेले तर म्हणाल्या, 'मला नको, गुरुवारी ये.'

गुरुवारी गेले. पाच जणं होती, वेग सतरा-अठराचा, बोगद्यापाशी सगळे थांबणार हा नियम. दिवे घाटातून सायकलवर चढायचं की उतरायचं, कुठली टपरी सहाला उघडते, बोपदेवच्या माथ्यावर अंधारात एकट्यानं का थांबायचं नाही, हे सगळं मला त्यांच्याकडून कळलं. नकाशावर यातलं काहीच नव्हतं.

म्हणून नव्या माणसाला माझा सल्ला थोडा विचित्र वाटेल: पहिल्या रविवारी सायकल चालवूच नका. शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यावरच्या टपरीवर सहा वाजता चहा घेऊन बसा. चकाकत्या जर्सीतले भरधाव जातील, त्यांना जाऊ द्या. मागाहून जे गप्पा मारत येतात आणि चहाला उतरतात, त्यांच्याशी बोला. सायकल दुरुस्त करणाऱ्यालाही विचारा, कोण कुठं आणि कसं चालवतं हे त्याला टायर बघूनच कळतं.

लांब अंतराची आवड असेल तर ब्रेव्हे बघा. २०० किलोमीटर, मुदत साडेतेरा तास, म्हणजे थांबे धरून ताशी पंधराच्या आसपास. शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. मागे रेंगाळणाऱ्यांची तिथं चांगली ओळख होते, कारण बारा तास शेजारी दुसरं कोणी नसतं.

अजूनही कधी एकटी निघते. तेव्हा व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन आठ तासांसाठी घरी पाठवते आणि मावशींनाही. त्या ते बघत बसतात. परवा टपरीवर जरा जास्त वेळ रेंगाळले तर फोन आला, 'पंक्चर की भजी?'

भजी होती.